मान मऊ, बूड टणक

१९ जानेवारी

ही वही चैत्रालीनं, म्हणजे आमच्या लेकीनं, हातात ठेवली. म्हणाली, "बाबा, दिवसभर स्वतःशी पुटपुटता ते यात लिहा. निदान आईचे कान सुटतील." वही दिसायला भारी, पण कागद पिवळट निघाला. सिंगापूरसारख्या ठिकाणी असा कागद! साताऱ्यात आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात याहून पांढरा मिळतो. असो. मायेनं दिलीय. पेन काळं आहे आणि ठळक उमटतंय, तेवढं पुरे.

ऋग्वेदा, तू माझी नात. तू पुढेमागे मराठी वाचायला लागलीस तर तुझ्यासाठी एवढं लिहून ठेवतो. तुझा आजोबा अवधूत साताऱ्यात बंदुका दुरुस्त करायचा. परवान्याचं दुकान होतं. शाळा नववीपर्यंत. पुढचं सगळं हत्यारं उघडून आणि इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. त्यामुळे माझं इंग्रजी सगळं बंदुकीचं आहे. डाळ-तांदळाचं इंग्रजी अजून येत नाही.

आज सकाळी निशिकांतचा फोन आला. पोरानं दुकानात माझ्या हाताखाली सहा वर्षं काढली. आता न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर त्याचं स्वतःचं दुकान आहे, तिथल्या सरकारच्या परवान्यानं. आता पोर कसलं म्हणायचं, त्याची जाई बावीस वर्षांची झाली. ती लांब पल्ल्याच्या निशाणेबाजीत उतरते. म्हणाला, "काका, तुम्ही कागदावर काढलेलं रानमांजर मी करायला घेतलंय. मार्चात जाईची स्पर्धा आहे. दर रविवारी फोनवर उभे राहाल का माझ्यामागं?"

मी 'बघू' म्हटलं. फोन ठेवल्यावर विमल, म्हणजे तुझी आजी, म्हणाली, "बघू काय, कानापर्यंत हसताय."


२१ जानेवारी

रानमांजर म्हणजे काय ते लिहायचं राहिलं. कारखान्यात बनतात ती काडतुसं पाळीव. नाव ठरलेलं, माप ठरलेलं, दुकानात डबा मागितला की मिळतो. पण एखाद्या कारागिराच्या डोक्यात येतं, की या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यावी, तिची मान आवळावी, खांदा जरा वर उचलावा आणि वर बारीक, लांबट गोळी बसवावी. म्हणजे ती वाऱ्याला कमी जुमानेल. असं घरचं काडतूस कुठल्या कारखान्याचं नसतं. इंग्रजीत त्याला वाइल्डकॅट म्हणतात. मी रानमांजर म्हणतो. ते कुणाच्या मालकीचं नाही, आणि जमलं तर फार देखणं.

आपल्याकडे मला ते करायची परवानगी नव्हती, म्हणून नुसतं कागदावर काढायचो. आयुष्यभर दुसऱ्यांची हत्यारं नीट केली, स्वतःचं असं एकही काडतूस केलं नाही. आता या वयात ते कुणी मी न मागता करतंय. आणखी काय हवं माणसाला?

इथं तर रिकामी पुंगळी खिशात सापडली तरी पंचाईत. विमानात बसायच्या आधी चैत्रालीनं फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं. विमलनं माझ्या सगळ्या पँटींचे खिसे उलटे करून झटकले. एक लिमलेटची गोळी निघाली, ती पण फेकली.


२६ जानेवारी, रविवार

आज खांद्याचा उतार ठरवला. निशिकांतला समजेना म्हणून मी विमलच्या परातीतली कणीक उचलली, पुंगळीचा आकार केला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. विमल म्हणाली, "अहो, पोळ्या दहाच झाल्या आज. अकरावी तुमच्या हातात बंदूक झाली." ऋग्वेदानं बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, धिस इज सॉस बॉटल, लाह!" ('लाह' हे इथल्या इंग्रजीचं शेपूट.) निशिकांत तिकडे हसून हसून खाली बसला. पण उतार कळला त्याला.


२ फेब्रुवारी, रविवार

आज पुंगळ्यांना आच दिली. हे काम सगळ्यात नाजूक.

मान आवळली की तिथलं पितळ कडक होतं, आणि बार उडाला की चिरतं. म्हणून मानेला आच द्यायची. ती मऊ पडली की चिरत नाही. पण बुडाला आच लागता कामा नये. सगळा दाब बूड झेलतं. बूड मऊ पडलं तर ते फाकतं, त्यातली टोपी, म्हणजे ठिणगी टाकणारी वाटी, सैल होते, आणि एखाद्या दिवशी सगळा वायू मागं फुटतो. मागं म्हणजे कुठं, तर नेम धरून गाल टेकलेल्या माणसाच्या तोंडावर. मान मऊ, बूड टणक. हे चार शब्द निशिकांतकडून मी इतक्या वेळा म्हणवून घेतलेत की तो झोपेत बरळत असेल.

आता आच किती द्यायची? तर मानेच्या खाली, खांद्यावर, निळी झाक उमटते. ती दिसली की त्याच क्षणी ज्योतीबाहेर. यंत्रं निघालीत आता, पण मी डोळ्यांवर शिकलो आणि डोळ्यांवरच शिकवलं.

निशिकांतनं दुकानाचं दार लोटून अंधार केला, मोबाइल स्टँडवर लावला, पुंगळी ज्योतीत धरून फिरवायला लागला.

"आली, काका."

"कुठं आली? राहू दे अजून."

"काका, खांद्यावर आलीय हो."

"तुझा मोबाइल काहीही दाखवतो. मला पितळच दिसतंय नुसतं. अजून. अजून. हां, आता जरा काळपट झाली. काढ."

त्यानं काढली आणि पाण्यात सोडली. हल्लीच्या पितळात काय मिसळतात कोण जाणे, निळी यायलाच उशीर करते. आमच्या वेळी कशी मोरपिसासारखी उमटायची!


४ फेब्रुवारी

सकाळी खाली फिरून आलो. इथलं आभाळ पातळ चहासारखं असतं कायम. समुद्राकाठचं गाव, दमट हवा, त्यामुळे असेल. पण सेंगकांग, म्हणजे लेकीचं घर आहे तो भाग, छान आहे. लिफ्टमध्ये भेटणारी माणसं मान हलवतात, एक म्हातारी चिनी बाई तर रोज माझ्यासाठी दार धरून ठेवते. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची नाही. दोघंही 'थँक्यू, थँक्यू' म्हणतो आणि सुटतो.


९ फेब्रुवारी, रविवार

पहिले बार उडाले. निशिकांतनं रायफल लोखंडी चौकटीत आवळली आणि भिंतीआडून दोरीनं चाप ओढला. नव्या काडतुसाला असंच तपासायचं असतं, हेही मीच शिकवलेलं.

मान एकीचीही चिरली नाही! मी इकडे टाळी वाजवली. निशिकांत मात्र पुंगळीचं बूड न्याहाळत राहिला.

"काय झालं रे?"

"काका, दुसऱ्यांदा भरताना टोप्या सैल बसतायत. बोटानं ढकलली तरी जातेय आत."

"टोप्यांचा डबा बदल. खराब माल असेल."

"काका, मी म्हणत होतो... आच जरा कमी करून बघू का?"

"आणि मान चिरली म्हणजे? एवढं जमत आलंय. निळी दिसल्याशिवाय काढायची नाही म्हणजे नाही."

"जाईला हात लावू दिलेला नाही मी अजून."

"नकोच देऊस. टोप्या बदल आधी."

जरा आवाज चढला माझा. नको चढायला होता. पण आता कुठं तो शिकवायला लागला मला.


१० फेब्रुवारी

विमल दुपारी स्वयंपाकघरात दार लोटून फोनवर बराच वेळ बोलत होती. विचारलं तर म्हणाली, "निशिकांतचा होता. लिंबाचं लोणचं घालायचंय त्याला, कृती विचारत होता." न्यूझीलंडात लिंबं मिळतात वाटतं चांगली. बरं वाटलं. त्यानं मला राग धरला नाही, नाहीतर काकूला कशाला फोन करेल?


१६ फेब्रुवारी, रविवार

आज निशिकांतनं वाद घातला नाही. मी 'अजून' म्हटलं की 'हो काका', 'काढ' म्हटलं की 'हो काका'. गुणी पोर. फोनवर एकच पुंगळी तापवून दाखवली, म्हणाला बाकीच्या अशाच करतो, तुमचा वेळ कशाला घेऊ?

माझा वेळ! मला काय, वॉशिंग मशीनचं झाकण कधी उघडतंय एवढंच बघायचं असतं इथं.


२३ फेब्रुवारी, रविवार

टोप्या घट्ट बसल्या! डबा बदलला आणि काम झालं. मी म्हटलंच होतं. मान चिरत नाही, बूड फाकत नाही, आणि पाचही गोळ्या एका वाटीत मावतील एवढ्या जवळ लागल्या. निशिकांतनं कागद कॅमेऱ्यासमोर धरला. मला भोकं नीट दिसली नाहीत, पण त्याचा आवाज ऐकूनच समजलं.

आता जाई त्याच्यावर सराव करणार. ती फोनवर आली, मराठी जरा अडखळत बोलते. म्हणाली, "आजोबा, तुमचं मांजर खूप शांत आहे. लाथ मारत नाही." डोळे भरून आले. हल्ली तसेही भरतात, रात्रीच्या दिव्यांभोवती मोठाली कडी दिसतात.


१ मार्च

ऋग्वेदानं चित्र दाखवलं. मी म्हटलं, "वा, नांगरलेलं शेत काय छान काढलंयस." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आजोबा! दॅट्स द सी, लाह!" चैत्राली आणि विमल एकमेकींकडे बघायला लागल्या. पोरांनी समुद्र तपकिरी काढला तर मी तरी काय करू?


४ मार्च

आज फजिती झाली. चैत्रालीचं ऑफिस आंग मो किओला. तिनं जेवायला बोलावलं होतं. म्हणाली, "जांभळ्या रेघेच्या मेट्रोत बसा, मग अमुक ठिकाणी उतरून लाल रेघ." नकाशात जांभळी कुठंच नाही. तपकिरी मात्र दोन. मी त्यातली एक धरली आणि कुठल्या कुठं गेलो. एका मलय मुलानं माझ्या हातातला पत्ता वाचला, स्वतःचं काम सोडून उलटा माझ्याबरोबर आला आणि चैत्रालीच्या हाती मला सोपवून गेला. नाव विचारायचं राहिलं. जिथं असेल तिथं सुखात राहो.

चैत्राली रागावली नाही. जेवता जेवता एवढंच म्हणाली, "बाबा, शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. मी वेळ घेतलीय. आईनं सांगितलंय."

मी म्हटलं, "मला दिसतं व्यवस्थित."

"हो ना. तुमच्या ताटात टोफू आहे, आणि तुम्ही मघापासून पनीर म्हणून खाताय."


८ मार्च

डॉक्टरीण बाई चिनी, वयानं चैत्रालीएवढी, हात अगदी हलका. मोतीबिंदू निघाला, दोन्हीकडे, चांगला जुना. इंग्रजी भराभर बोलत होत्या, त्यात 'ब्राउन, व्हेरी ब्राउन' एवढं मला कळलं. माझे डोळे जन्मापासून तपकिरीच आहेत, त्यात त्यांना काय नवल वाटलं कोण जाणे. आधी उजवा डोळा करणार. मी म्हणत होतो साताऱ्याला परत गेल्यावर बघू, पण चैत्राली आणि जावई रोहन दोघांनी ऐकून घेतलं नाही. रोहन म्हणाला, "बाबा, तुम्ही आमच्या लग्नात माझं ऐकलं होतंत का? आता आमची पाळी." हसलो.


१६ मार्च, रविवार

डोळ्याचं काम गुरुवारी, जाईची स्पर्धा शनिवारी. निशिकांत म्हणाला, "काका, काळजी करू नका. सगळं तयार आहे. तुम्ही सांगितलंत तसंच." आज परत एक पुंगळी तापवून दाखवली. मी 'अजून' म्हणत राहिलो, तो फिरवत राहिला. किती धीराचा माणूस!

मग म्हणाला, "काका, रानमांजराला नाव द्यायची पद्धत आहे. ज्यानं काढलं त्याचं. मी 'साडेसहा अवधूत' लिहिणार आहे."

साडेसहा म्हणजे गोळीची जाडी, मिलिमीटरमध्ये. मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला पाहिजे होतं, पण नाही म्हटलं.


२१ मार्च, शुक्रवार

काल डोळ्याचं काम झालं. दुखलं नाही. आज सकाळी पट्टी काढली.

काय लिहू? डॉक्टरीण बाईंच्या तोंडावरची पट्टी निळी होती. अशी निळी, की मी हात पुढे केला. त्या हसल्या. खिडकीबाहेर आभाळ निळं. आम्ही घरी आलो ती टॅक्सी निळी! दोन महिने या टॅक्स्यांना मी राखाडी समजत होतो. विमलची साडी जांभळी. म्हटलं, "नवी घेतलीस?" तर म्हणाली, "पाच वर्षं झाली, तुम्हीच आणलीत." उजवा डोळा मिटला की जग चहा, डावा मिटला की दूध. मी सोफ्यावर बसून नुसता डोळे उघडझाप करत होतो.

विमल आणि चैत्राली औषधाचे थेंब आणायला आणि ऋग्वेदाला शाळेतून घ्यायला गेल्या. मी वही उघडली. कागद पांढराशुभ्र आहे. आणि पेन निळं! दोन महिने मी निळ्या शाईनं लिहितोय आणि मला काळं वाटत होतं. एकटाच मोठ्यानं हसलो.

मग ते हसू थांबलं.

निळं दिसत नव्हतं मला. निळं.

निशिकांतनं आच दिली त्या पहिल्या रविवारचं चित्रण पाठवलं होतं, ते मोबाइलमध्ये होतंच. लावलं. पुंगळी ज्योतीत फिरतेय. खांद्यावर निळी येते, स्वच्छ, मोरपिसासारखी, लगेच. निशिकांतचा आवाज: "आली, काका." आणि माझा आवाज: "अजून. अजून." आणि ती निळी सरकत सरकत खाली उतरतेय, बुडाकडे, आणि माझा तो मेला आवाज थांबतच नाही.

मीच ती पुंगळी वाया घालवली. फक्त ती नाही. त्यानं सगळ्या तशाच केल्या असणार, तो माझ्या शब्दाबाहेर जात नाही. 'तुम्ही सांगितलंत तसंच' म्हणाला रविवारी. टोप्यांचा माल खराब नव्हता. बूड मऊ होतं. आणि आत्ता तिकडे दुपार आहे, जाई सराव करत असेल, गाल रायफलीला टेकून.

फोन लावला. लागत नाही. परत लावला. डोंगरात रेंज नसते म्हणाला होता एकदा. तीन निरोप बोलून पाठवले. 'जाईला थांबव. हात लावू देऊ नकोस. पुंगळ्या सगळ्या मोडीत काढ.' पोचल्याची खूण येत नाही. खाली जाऊन कुणाला विचारावं तर काय विचारणार, आणि कुणाला? रोहन विमानात आहे. दुसरं काही करता येत नाही म्हणून लिहितोय. लिहिलं की बोटं तरी एका जागी राहतात. देवा, माझा डोळा परत घे, पण त्या पोरीचे दोन्ही...

(पुढचं चहानंतर लिहिलं.)

दार वाजलं, विमल आत आली, माझं तोंड बघून पिशवी खाली टाकली. "डोळा दुखतोय का?" मी तिला सगळं सांगितलं. कसं सांगितलं मला आठवत नाही. तिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि समोर बसली.

"अहो, ती पोर तुमच्या पुंगळ्या मारतच नाहीये."

मला कळेना.

"लोणच्याचा फोन आठवतो? निशिकांत रडवेला झाला होता. म्हणाला, काकू, काकांना निळी दिसत नाहीये. मला दिसतेय, पण मी त्यांना कसं सांगू? मी म्हटलं, ते म्हणतील तसं 'हो' म्हण, आणि तुला दिसतं तसं कर. डोळ्यांचं मी बघते."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"किती वेळा सांगितलं, मोजे दोन रंगांचे घातलेत म्हणून? तुम्ही म्हणायचात, मोज्यांचा कारखाना बिघडलाय."

तेवढ्यात निशिकांतचाच फोन आला. रेंजमध्ये आल्यावर माझे निरोप एकदम पोचले होते. धाप लागली होती त्याला.

"काका, जाई ठीक आहे. इथं माझ्याशेजारी बसलीय, सँडविच खातेय. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"पहिल्या रविवारच्या पुंगळ्या सगळ्या चेपून भंगारात दिल्या. त्यानंतर दर वेळी तुमच्यासाठी एक तापवायचो, तुम्ही म्हणाल तेवढी, आणि फोन ठेवला की ती फेकायचो. बाकीच्या माझ्या मी केल्या. चुकलं माझं, काका. खोटं बोललो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तोच म्हणाला, "मी सोळा वर्षांचा असताना एक पुंगळी बुडापर्यंत तापवली होती. तुम्ही माझ्या हातातून घेतलीत, घणाखाली चेपलीत, आणि आठवडाभर मला ज्योतीजवळ येऊ दिलं नाहीत. ते मी कसं विसरेन? मी तुमचंच ऐकलं, काका. फक्त तेव्हाचं."


२२ मार्च

खरं लिहायचं तर काल संध्याकाळी मला वाईट वाटलं. पोरगी सुखरूप आहे हे कळून तासही झाला नसेल आणि माझं मन कुरकुरायला लागलं, की सगळ्यांनी मिळून मला लहान पोरासारखं खेळवलं. रविवारी रविवारी मी इथं उस्तादासारखा बसायचो आणि तिकडे भंगाराचा डबा भरायचा. विमलशी बोललो नाही. ती म्हणाली, "नव्या भिंगाला राग पण स्वच्छ दिसतो वाटतं." तरी नाही बोललो.

आज सकाळी गॅलरीत उभा होतो. आभाळ बघत होतो, आणि मनात आलं, समजा त्यानं माझं ऐकलं असतं. समजा तो तेवढा आज्ञाधारक असता. आत आलो आणि विमलला म्हटलं, "चहा मी करतो." तिला बरोबर कळलं. म्हणाली, "साखर बघून घाला. मीठ पण पांढरंच असतं."

निशिकांतला निरोप पाठवला. बोललो ते असं: 'बाळा, तू माझं ऐकलं नाहीस, हे उपकार मी विसरणार नाही. पुन्हा असं झालं तर पुन्हा ऐकू नकोस. पण तेव्हा तोंडावर सांग. मी चिडेन, चिडू दे.'


२३ मार्च, रविवार

जाई नववी आली. वारा फार होता म्हणे. एकही मान चिरली नाही. ती फोनवर म्हणाली, "आजोबा, पुढच्या वर्षी बघाच." मी म्हटलं, बघणारच, आता दिसतंय मला.

नाव मी बदलायला लावलं. निशिकांत ऐकत नव्हता. म्हटलं, ज्यानं काढलं त्याचं नाव असतं हे खरं, पण ज्यानं वाचवलं त्याचंही असावं. शेवटी 'साडेसहा सातारा' ठरलं. दोघांचंही गाव आहे. तो म्हणाला, "इकडच्या लोकांना म्हणता येणार नाही." मी म्हटलं, "शिकतील. आपण त्यांची नावं शिकलोच ना?"


६ एप्रिल, रविवार

डावा डोळा पुढच्या महिन्यात. डॉक्टरीण बाईंना विमलनं खोबऱ्याच्या वड्या नेऊन दिल्या. त्यांनी तिथल्या तिथे एक खाल्ली. ऋग्वेदाचं समुद्राचं चित्र मी फ्रिजवर लावून घेतलं. काय निळा काढलाय पोरीनं! तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "आजोबा, आय टोल्ड यू ऑलरेडी, लाह."

आज सकाळी फोन आला. निशिकांत म्हणाला, "काका, पुढच्या वर्षीच्या पुंगळ्या करायला घेतल्यात. आहात का मागं?"

"काम माझ्यासाठी काढलंयस की खरोखरचं?"

"खरोखरचं. जाईचं काम आहे."

त्यानं दार लोटलं, अंधार केला, पुंगळी ज्योतीत धरली. मी डावा डोळा हातानं झाकला. विमल पण माझ्या खांद्यावरून वाकली, पोळपाट तसाच टाकून. पितळ आधी फिकट झालं, मग जरा धुरकट, आणि मग खांद्याच्या कडेला ती उमटली, मोराच्या मानेची.

"बस्स!"

माझ्या आणि निशिकांतच्या तोंडून एकदमच निघालं. पुंगळी ज्योतीबाहेर आली. पाण्यात चर्र झाल्याचा आवाज इथंपर्यंत ऐकू आला.

निशिकांतनं ती फडक्यानं पुसली, कॅमेऱ्यासमोर धरली आणि बुडाकडून डब्यात उभी करून ठेवली.

"ही ठेवली, काका," तो म्हणाला.